सांडपाण्याचं पेव

चंपतरावांनी फरशीची न्हाणी बांधली आणि त्यांच्या बायकोची, देवकाबाईंची, बावीस वर्षांची मैत्री तिच्यातून वाहून गेली. कोणी म्हणेल, हे वाढवून सांगणं झालं. त्यानं भोईपांढरीत यावं आणि कोणालाही विचारावं. इचोड्याचा रस्ता सोडून आत वळलं की पहिलंच किराणा दुकान चंपतरावांचं. दुकानामागे घर, घरापुढे एक बैलगाडी जेमतेम जाईल एवढी गल्ली, आणि गल्लीपलीकडे सोजरबाईंचं दार. जमिनीला उतार कुठे असावा हे देव ठरवतो. त्यानं तो सोजरबाईंच्या दाराकडे ठेवला होता.

छप्पन सालचा उन्हाळा होता तो. निजामाचं राज्य जाऊन आठ वर्षं होत आली होती आणि आता राज्यांची नव्यानं वाटणी व्हायची होती. किनवट मुंबईकडे जाणार, आदिलाबाद आंध्राकडे जाणार, मग मधलं आपलं गाव कुठे जाणार, यावर दुकानाच्या ओट्यावर रोज एक नवा निकाल लागे. चंपतरावांना या वादात गोडी नव्हती. कोणत्या राज्यात जायचं ते जाऊ, पण फरशीवर आंघोळ करून जाऊ, एवढं त्यांनी ठरवलं आणि न्हाणी बांधून टाकली.

तोपर्यंत त्या घराचं सांडपाणी म्हणजे दोन घंगाळं आणि चार भांडी. मोरीच्या भोकातून ते बाहेर येई, दोन हात चाले आणि मातीत जिरून जाई. नव्या न्हाणीत मात्र चंपतरावांना आंघोळीची अशी चटक लागली की ते सकाळ-संध्याकाळ न्हाऊ लागले. पाण्याला बळ आलं. एका सकाळी ते गल्ली ओलांडून गेलं आणि सोजरबाईंनी दारात धोतरावर वाळत घातलेल्या कुरडयांखाली शिरलं. सोजरबाई बाहेर आल्या तेव्हा कुरडयांचा पुन्हा चीक झाला होता.

"देवका, तुयी न्हानी तुह्या घरात ठेव. माह्या दारात काऊन आनली?" त्या म्हणाल्या.

देवकाबाईंना मनातून लाज वाटत होती. पण लाज वाटली की माणूस तोंडानं उलटंच बोलतो. त्या म्हणाल्या, "पानी हाये ते. कुठी जायचं ते मी थोडीच शिकवलं त्याले?"

झालं. दोन्ही दारं लागली. बावीस वर्षांत दोघींनी एकमेकींना मीठ, विरजण, विस्तव आणि सासूच्या तक्रारी, सगळं काही गल्लीवरून दिलं-घेतलं होतं. आता गल्लीवरून फक्त पाणी जात होतं.

त्यात शेवयांचे दिवस आले. ज्यांनी हातानं शेवया केल्या आहेत त्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो: हे एका बाईचं काम नव्हे. एकीनं तिरप्या पाटावर तळव्यानं पीठ वळायचं आणि दुसरीनं खाली येणारी तार अलगद ओढून बाजेवर पसरायची. तार ओढणारीचा हात वळणारीच्या मनाबरोबर चालावा लागतो. देवकाबाईंनी वाट पाहून पाहून शेवटी चंपतरावांना समोर बसवलं. चंपतरावांनी सुतळीचं बंडल उलगडावं तशी तार ओढली. पहिली तुटली, दुसरी तुटली, तिसरी त्यांच्या मिशीला चिकटली.

"राहू द्या, तुमी दुकानात जा," देवकाबाई म्हणाल्या, आणि पाट भिंतीला उभा करून त्या बंद दाराकडे पाहत बसल्या.

चंपतरावांना फार वाईट वाटलं. चूक न्हाणीची, म्हणजे आपली, हे त्यांना कळत होतं. गल्ली ओलांडून 'चुकलं' म्हणणं चार पावलांचं काम होतं. पण दुकानदाराची चार पावलं चाळीस गिऱ्हाइकं पाहतात. त्यापेक्षा पाण्याचाच कायमचा बंदोबस्त केला तर? पाणी नाही तर भांडण नाही, आणि कोणी कोणाच्या पाया पडायला नको. बायकोची मैत्रीण परत आणायचा हा मार्ग त्यांना एकदम बिनतोड वाटला. चंपतरावांना कोणताही मार्ग एकदा सुचला की तो बिनतोडच वाटत असे.

देवाच्याच मनात असावं, कारण दुसऱ्याच दिवशी नवे ग्रामसेवक राजलिंगम सायकलीवरून आले. करीमनगरकडचे गृहस्थ, अंगावर खादी, खांद्याला गुंडाळलेला रंगीत तक्ता. त्यांनी तो ओट्यावर उलगडला. तक्त्यात एक खड्डा होता, त्यात वरून पाणी पडत होतं, आणि बाजूला एक कुटुंब विनाकारण हसत होतं.

"शोषखड्डा," राजलिंगम म्हणाले. "सेठ, जमीन को पानी पिलाना है. बस. काली मिट्टी नहीं पीती, मुरूम पीता है. मुरूम तक खोदो. नीचे पत्थर, ऊपर ईंट का टुकडा, ऊपर रेती. मुंह पे छेदवाला मटका, उसमें घास. जूठन घास में अटकता, पानी नीचे जाता."

चंपतरावांनी मान डोलावली. ज्याला सगळं कळतं त्याची मान फार लवकर डोलते. राजलिंगम तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला जायच्या घाईत होते. तक्ता त्यांनी ठेवून दिला. त्यावरचा मजकूर तेलुगूत होता आणि भोईपांढरीत तेलुगू बाजारात बोलण्यापुरतं सर्वांना येई, वाचायला कोणालाच नाही.

मग परवानगी. पटवाऱ्यांनी सांगितलं, गावठाणात खड्डा खणायचा तर कचेरीत अर्ज हवा. चंपतरावांनी शुद्ध मराठीत, समासबिमास सोडून अर्ज लिहिला आणि स्वतः नेऊन दिला. कचेरी कोणती ते विचारू नका. चार दिवसांनी चौकशीला गेले तर तिथे जमिनीवर कागदांचे ढीग लागलेले आणि कारकून त्यात मांडी घालून बसलेला. वाटणी होणार म्हणून दप्तरं लावणं चालू होतं. उर्दू कागद एका गठ्ठ्यात, तेलुगू दुसऱ्यात, मराठी तिसऱ्यात.

"तुमचा अर्ज मराठी होता ना?" कारकून म्हणाला. "मंग तो किनवटच्या गठ्ठ्यात गेला. तो गठ्ठा मुंबई राज्याचा."

"अन् माहा खड्डा?"

"खड्ड्याचं तिकडूनच येईल जी."

चंपतराव एस.टी.च्या टपावर बसल्यासारखे हादरत घरी आले. खड्डा मुंबई राज्यात गेला होता आणि पाणी इथंच राहिलं होतं. परवानगीसाठी थांबायचं तर नवं राज्य येईपर्यंत देवकाबाईंनी मुकं राहायचं. त्यांनी कागदाचा नाद सोडला आणि बाबारावांना बोलावणं धाडलं.

बाबाराव म्हणजे त्या भागातला पेव खणणारा शेवटचा मोठा माणूस. पेव म्हणजे ज्वारी साठवायचं जमिनीतलं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं, आणि आतून असं लिंपलेलं की चार पावसाळे गेले तरी दाण्याला ओल लागू नये. चाळीस वर्षांत बाबारावांच्या पेवात कधी ओल शिरली नव्हती. त्यांनी तक्ता उलटासुलटा करून पाहिला आणि चंपतरावांकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"चंपतराव, हे पेवच हाये. याच्यात नवं काय?"

"याच्यात पानी ठेवाचं हाये जी."

"दाना ठेवा का पानी ठेवा. भांडं ते भांडं."

या बोलण्यात काही तरी चुकतंय असं चंपतरावांना क्षणभर वाटलं. पण चाळीस वर्षांच्या अनुभवापुढे क्षणभराच्या शंकेनं काय बोलावं? शिवाय त्यांचे स्वतःचे वडील, आजोबा, पणजोबा पेवातली ज्वारी खाऊन मोठे झाले होते. जमिनीत खड्डा म्हटला की तो लिंपायचाच, हे त्या गावात आईच्या दुधाबरोबर येत असे. तक्त्यात दगड आणि विटा काढल्या होत्या, त्या चित्रकारानं शोभेसाठी काढल्या असाव्यात असं दोघांचं ठरलं.

सल्ले सुरू झाले. एकानं सांगितलं, ईशान्येला खणू नका. दुसऱ्यानं सांगितलं, बायकोच्या माहेराच्या दिशेला खणू नका. ही दुसरी अडचण कोणत्याही शास्त्रात नाही, पण सांगणाऱ्याचा अनुभव असावा. शेवटी मोरी जिथे उघडत होती तिथेच, घराच्या अंगाला, पुरुषभर खोल खड्डा झाला. खाली मुरूम लागणार असं दिसताच बाबारावांनी हात थांबवला. मग तळ्यातली चिकणमाती, शेण आणि भुसा तुडवून आतून बोटभर जाड लिंपण झालं. ते सुकल्यावर आत कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून खड्डा भाजून काढला. टिचकी मारली तर मडक्यासारखा वाजत होता.

नव्या पेवाची पूजा करायचीच असते. हे पेव नाही, मोरीचा खड्डा आहे, असं चंपतराव सांगत राहिले, पण बायका हळदकुंकू घेऊन आल्या त्या आल्याच. नारळ फुटला. आळीतल्या झाडून सगळ्या आल्या, फक्त समोरचं दार किलकिलं होतं आणि त्यातून सोजरबाई पाहत होत्या. देवकाबाईंनी कुंकवाची करंडी त्या दाराकडे दोनदा वळवली आणि दोनदा परत घेतली.

पहिल्या दिवशी पाणी खड्ड्यात गेलं आणि गल्ली कोरडी ठणठणीत राहिली. चंपतरावांनी त्या आनंदात तीनदा आंघोळ केली. दुकानात येईल त्याला ते खड्डा दाखवत आणि सांडपाणी ही मुळात अडचण नसून समज कमी असलेल्या लोकांनी केलेला बाऊ आहे, असं समजावून सांगत. चौथ्या दिवशी पाणी मध्यावर आलं. सहाव्या दिवशी त्याला वास येऊ लागला. आठव्या दिवशी ते काठाशी आलं, आणि त्यात एक बेडूक असा निवांत बसला होता की त्याला तिथे बोलावून बसवलं असावं.

चंपतरावांनी बाबारावांना बोलावलं. बाबारावांनी वाकून पाहिलं आणि त्यांचं तोंड अभिमानानं फुललं.

"पाहा," ते म्हणाले. "आठ दिस झाले. एक थेंब कुठी झिरपला का?"

नाही झिरपला. चंपतरावांच्या डोक्यात आता कुठे प्रकाश पडला. जमिनीला पाणी पाजायचं होतं आणि त्यांनी जमिनीच्या तोंडाला भाजलेलं झाकण घातलं होतं. पण ज्याची आयुष्यभराची विद्या समोर काठोकाठ भरली आहे, त्या म्हाताऱ्याला हे सांगणार कसं? ते म्हणाले, "तुमच्या हाताले तोड नाई जी." आणि घरात जाऊन जरा आडवे झाले.

तेवढ्यानं भागतं तर काय हवं होतं? नवव्या दिवशी गिरदावर आले. गिरदावर म्हणजे महसुलाचे तपासनीस. सुगी संपल्यावर एका दुकानदारानं नवं पेव खणलं, त्याची पूजाही केली, ही बातमी त्यांच्यापर्यंत गेली होती. दडवलेल्या ज्वारीचा वास त्यांना फार लांबून येत असे. सोबत शिपाई होता आणि शिपायाच्या हातात पोत्यात खुपसून दाणा काढायची लोखंडी परखी होती.

"ज्वारीची लेव्ही तर उठली ना साहेब," चंपतराव म्हणाले.

"लेव्ही उठी, हुकूम नहीं उठा. नई सरकार आने तक पुराना हुकूम चालू. पेव गोल है?"

"हो."

"मुंह तंग है? लीपा है? आग दी है?"

"हो, पन..."

"तो ज्वारी कितनी है?"

आख्ख्या गावासमोर, स्वतःच्याच ओट्यावर उभं राहून, चंपतरावांना आपल्या घरात ज्वारी नाही, सांडपाणी आहे, असं बयान द्यावं लागलं. शिपायानं परखी खड्ड्यात खुपसली. बाहेर भाताची चार शितं आणि शिकेकाईचा फेस आला. गिरदावरांनी तो हुंगला आणि रुमाल नाकाला लावला, पण संशय सोडला नाही. वर पाणी आणि खाली पोती, अशा युक्त्या त्यांनी पाहिल्या होत्या म्हणे. पंचनाम्याला साक्षीदार हवा होता. त्यांनी समोरच्या दारातल्या बाईला बोलावलं.

सोजरबाई पदर सावरत गल्ली ओलांडून आल्या. देवकाबाई दाराआड उभ्या होत्या. एवढी कुरडयांची नासाडी झालेली बाई, आता काय बोलेल याचा नेम नव्हता.

"इसमें क्या है, बाई?"

"पानी हाये. त्याइच्या मोरीचं."

"यकीन से बोलती?"

"बावीस वर्सं माह्या दाराकडं तोंड करून वाह्यलं, साहेब. मले वळखू येनार नाई?"

या बोलण्यात मदत होती की टोमणा, हे ठरवायला देवकाबाईंना पुढे दिवसभर लागला. रडू मात्र त्यांना तिथेच आलं.

गिरदावरांनी पेव उपसायचा हुकूम दिला. गावानं बादल्या आणल्या. पाणी टाकायचं कुठे, हा प्रश्न निघाला तेव्हा सोजरबाई कोणाकडेही न पाहता म्हणाल्या, "गल्लीत नका सांडू. माह्या केयीत टाका." त्यांच्या परसात दहा-बारा केळी होत्या, वैशाखाच्या उन्हानं पानं फाटून लोंबलेल्या. माणसांची रांग लागली आणि चंपतरावांच्या नऊ दिवसांच्या आंघोळी हातोहात केळीत गेल्या.

तळाला गुडघाभर गढूळ पाणी राहिलं. पोती दिसेनात. आता गिरदावरांना वाटलं, तळ खोटा असेल. शिपाई पहार घेऊन उतरला आणि त्यानं तळावर सरकारी जोरानं घाव घातला. भाजलेलं लिंपण फुटलं, पहार मुरमात घुसली, आणि उरलेलं सगळं पाणी शिपायाच्या पायांदेखत गटागटा खाली निघून गेलं. तहानलेल्या माणसाच्या घशातून येतो तसा आवाज आला.

"माह्या पेवाले कोनी भोक नोतं पाडलं आजवर," बाबाराव म्हणाले आणि खड्ड्याच्या काठावर बसून राहिले.

गिरदावरांनी पंचनाम्यात लिहिलं: पेव रिकामं, तळ फुटका, मालक बेकसूर. शिपायानं पाय धुवायला पाणी मागितलं, ते चंपतरावांनी मोठ्या मनानं नव्या न्हाणीत दिलं.

दोन दिवसांनी राजलिंगम प्रशिक्षणाहून परतले. त्यांनी खड्ड्यात डोकावून पाहिलं आणि खूश झाले. "वाह सेठ, बराबर मुरूम तक गए. बहुत लोग इधरच गलती करते."

"आपलं काम पक्कं असते," चंपतराव म्हणाले. गिरदावरांचं नाव काढावं असं त्यांना वाटलं नाही. मग बाबारावांचं बाजूचंही लिंपण खरवडलं, तळाशी दगडगोटे, वर विटांचे तुकडे, वर रेती पडली, आणि मोरीच्या तोंडाशी भोकं पाडलेला माठ बसला. माठात गवत. खरकटं आणि तेलकट फेस गवतात अडकायचा, आठ दिवसांनी गवत बदललं की झालं. पाणी आत जायचं आणि दिसेनासं व्हायचं. चंपतराव कान लावून ऐकत. काहीही ऐकू येत नसे, आणि ते त्यांना फार आवडे.

गल्ली कोरडी झाली. एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. चंपतराव दुकानातून समोरच्या दारावर नजर ठेवून होते. ते दार उघडत होतं, सोजरबाई झाडत होत्या, आणि दार पुन्हा लागत होतं. पाणी गेलं होतं पण भांडण जागच्या जागी होतं. उलट आता बोलायला निमित्तही उरलं नव्हतं. देवकाबाईंनी पुन्हा पीठ भिजवलं, पाट मांडला आणि एकटीनंच तार ओढायचा प्रयत्न केला. चंपतरावांना प्रथमच वाटलं की आपण खड्डा चुकीच्या जागी खणला. ओलांडायची ती चार पावलं होती. उद्या सकाळी, गिऱ्हाइकं असोत नसोत, जायचंच असं त्यांनी ठरवलं आणि सोजरबाईंपुढे काय बोलायचं त्याची मनात तालीम सुरू केली.

सकाळी ते पायात जोडा घालत होते तोच गल्लीतून आवाज आला. सोजरबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि कोणाचंही नाव न घेता बोलत होत्या.

"एक दिस पाजलं अन् आता सारं मुरमाले देऊन राह्यले. माह्या केयीनं नवं पान काढलं होतं, ते वाळून राह्यलं. येवढं पानी जमिनीत गाडून कोनाले पुन्य लागते?"

घरातून देवकाबाईंचा आवाज आला, "येत होतं तवा तुले नको होतं."

"तवा कुरडयाईत येत होतं. मी केयीत मांगून राह्यली."

"मंग इतके दिस तोंडात काय धरलं होतं? सांगाचं होतं."

"कोनाले सांगू? तुयं दार लागलेलं."

"आंधी तू लावलं."

"तू बोललीच तशी."

"बोलली. चुकलं माहं. अन् तू पुजेले काऊन नाई आली? मी दोनदा करंडी वळवली तुह्याकडं."

"एकडाव अजून वळवती तं आली असती."

आता देवकाबाई बाहेर आल्या. हात कोपरापर्यंत पिठात, डोक्यावर पदर नाही. "उन्हात उभी राहून काऊन बोंबलतं? आत येऊन भांड. माहं पीठ वाळून राह्यलं."

सोजरबाई बोलत बोलतच गल्ली ओलांडून आत गेल्या. चंपतराव दारातून बाजूला सरले, त्यांच्याकडे दोघींपैकी एकीचंही लक्ष नव्हतं. त्यांनी जोडा काढून ठेवला आणि परत ओट्यावर येऊन बसले. तिथे बाबाराव तंबाखू मळत बसले होते. आतला आवाज चढतच चालला होता. कुरडया निघाल्या, बावीस वर्षांपूर्वीचं कुठलंसं पातेलं निघालं, कोणाच्या तरी नणंदेचं लग्न निघालं, आणि मधूनच पाटावर तळवा घासल्याचा आवाज येत होता.

"चंपतराव," बाबाराव काळजीनं म्हणाले, "आतमंदी लयच वाढून राह्यलं. जा ना, सोडवा."

"वाढू द्या जी," चंपतराव म्हणाले. "पस्तीस दिसांचं बोलनं राह्यलं हाये."

दुपारचा चहा त्या दिवशी कोणी त्यांना आणून दिला नाही. त्यांनी मागितलाही नाही.